रताळे: केवळ उपवासापुरते?

एकादशी वा महाशिवरात्र आली म्हणजे आपल्या घरी रताळ्याची आठवण होते; उपवास सुटला की ते विस्मरणात जाते. मुलांना पोषण मात्र रोजच हवे असते. केशरी गराच्या रताळ्यात कॅरोटीन विपुल असते. त्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते. त्याच्या अभावी रातांधळेपणा जडतो. बाजारात लाल साल पाहून भुलू नये. आत गर पांढरा असल्यास हा लाभ नगण्यच. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पीक संशोधन संस्थेचे ‘भू सोना’ हे केशरी वाण मिळाल्यास अवश्य घ्यावे. रताळे सालीसकट उकडावे व चमचाभर तुपाबरोबर द्यावे. स्निग्धांशामुळे कॅरोटीन अंगी लागते. आमच्याकडे ते आता साध्या दिवशीही न्याहारीस असते. आपणही एकादशीची वाट पाहू नये.