पद्मदुर्ग जरा लांब जाऊ दे

चि. सोनूस,

चित्र मिळालं. जंजिऱ्याच्या तटावरून दिसणारा पद्मदुर्ग हा विषय झकास निवडलास. पण किल्ला फार जवळ आलाय गं! शिवाजी महाराजांनी तो जंजिऱ्याच्या सिद्दीला शह द्यायला बांधला हे खरं, तरी इतका अंगावर नव्हे.

बुरुजावरच्या तोफेला जो काळा लावलास, तोच पद्मदुर्गालाही लावलास. मधल्या हवेचं काय? समुद्रावरच्या दमट हवेतले पाण्याचे, मिठाचे कण उजेड विखुरतात आणि तो उजेड दूरच्या वस्तूवर पडद्यासारखा चढतो. त्यात सगळ्यात आधी जातो तो काळा. तोफेखालची सावली गडद राहते, पद्मदुर्गाची मात्र विटते. लांबचं पांढरं शीडसुद्धा कोऱ्या कागदाइतकं पांढरं उरत नाही, किंचित पिवळटतं.

‘दूरचं ते निळं’ हा नियम कोकणात जपून वापर. पावसाळा संपल्यावर हवा धुतलेली असते, तेव्हा डोंगर निळे दिसतात. एप्रिल-मेमध्ये हवाच पांढुरकी; तिच्यात किल्ला राखाडी दिसतो. अल्ट्रामरीनमध्ये थोडा बर्न्ट सिएना आणि भरपूर पाणी, बास.

आणि तटाचे दगड कशाला मोजत बसलीस? पद्मदुर्गाचे दगड झिजलेत पण मधला चुना शाबूत आहे, ही गंमत तिथे जाऊन आलेला प्रत्येकजण सांगतो. ती तिथेच जाऊन रंगव. जंजिऱ्यावरून दिसतो तो एकसलग आकार. आकाश आणि क्षितिजाजवळचं पाणी एकाच वॉशमध्ये घे, कागदावरची चकाकी गेली की लगेच किल्ला टेकव, म्हणजे कडा आपोआप मऊ होतील. चकाकी असतानाच घाई केलीस तर रंग पसरेल. दमट हवेत कागद सावकाश वाळतो आणि खाली होडीवाला हाका मारत असतो, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून तिथे फक्त हवेचा परिणाम पकड. पुढचे दगड घरी केलेस तरी चालतील.

आता मोबाईलवर चित्राचा फोटो काढून कृष्णधवल करून बघ. तोफ आणि किल्ला सारखेच गडद दिसले, तर ओल्या ब्रशने किल्ल्याचा रंग उचल. पावसाळ्यात होड्या बंद होतात, तेव्हा पुन्हा जायचं तर मे सरायच्या आत जा. मला फोटो कृष्णधवलच पाठव, रंगांचं आपण नंतर बोलू.

तुझा,
मामा