माप आणि माया

पन्नाशी उलटल्यावर काही नवे शिकावे लागेल अशी आमची कल्पना नव्हती. तीस वर्षे महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकविल्यामुळे, जगातील बहुतेक गोष्टी छापील कागदावरून कळतात असा एक दृढ ग्रह आमच्या मनात होऊन बसला होता. गेल्या पावसाळ्यात दोन किलो वजनाच्या एका व्यक्तीने तो दूर केला. ही व्यक्ती म्हणजे आमची नात.

कन्या पहिल्या बाळंतपणासाठी आमच्याकडे नेरूळला आली होती. नात ठरल्या दिवसाहून महिनाभर आधी आली, काही दिवस इस्पितळात राहिली, आणि ऐन आषाढात घरी आली. आमच्या मातोश्रींनी जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्यांचे लंगोट करून ठेवले होते. परंतु खाडीवरून येणाऱ्या त्या ओल्या वाऱ्यात कापड वाळेल तर शपथ! सज्जात, खुर्च्यांच्या पाठींवर, आमच्या पुस्तकांच्या कपाटाच्या दारांवर लंगोट आणि दुपटी लोंबू लागली. तेव्हा लंगोटावरून घालावयाच्या, ओल बाहेर न सोडणाऱ्या चड्ड्या आणाव्या, म्हणजे निदान दुपटी तरी वाचतील, अशी तोड आम्ही काढली.

या चड्डीचा इतिहासही आम्ही वाचून ठेवला. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४६ च्या सुमारास, मॅरियन डोनोव्हन नावाच्या एका अमेरिकन मातेने ओल्या बिछान्यांना कंटाळून न्हाणीघरातील जलरोधक पडदा कापला आणि त्याचे लंगोटावरील आवरण शिवले. १९४९ साली ते न्यूयॉर्कच्या एका बड्या दुकानात विक्रीस आले व १९५१ साली त्याचे पेटंट त्यांना मिळाले. आज पडद्याच्या जागी पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेले मऊ कापड आले आहे. इतकी माहिती मिळविल्यावर आम्ही 'शून्य ते तीन महिने' असे लिहिलेल्या सहा चड्ड्या मागविल्या. आमची नात तेव्हा सतरा दिवसांची होती. म्हणजे शंकेस जागाच नव्हती.

पहिल्याच रात्री तीन दुपटी भिजली. मांडी आणि इलॅस्टिक यांच्यामध्ये आमची दोन बोटे आरामात जात होती. आम्ही चड्डीस दोष देऊ लागलो, तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, ते माप कुणातरी बाळाचं आहे. आपल्या बाळाचं कुठं घेतलंत?" आणि त्यांनी शिवणाच्या डब्यातून फीत काढली.

"मोजू नकोस गं तिला," कोपऱ्यातून मातोश्री म्हणाल्या.

दृष्ट लागेल अशी त्यांस भीती वाटत असावी असे समजून आम्ही व्याख्यान सुरू केले. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह सहा देशांतील मुलांची मापे वर्षानुवर्षे घेतली, त्यांवरून २००६ साली वाढीचे तक्ते प्रसिद्ध केले, आणि त्या मुलांत आपल्या दिल्लीचीही मुले होती. मोजल्याने मूल रोडावत नाही, उलट रोडावले तर वेळीच कळते. मातोश्रींनी ते सारे ऐकून घेतले.

"तुझ्या आधी एक झाला होता मला," त्या म्हणाल्या. "हिच्यासारखाच, दिवस भरायच्या आधी. सासूबाई नको नको म्हणत होत्या, तरी मी सहा नवे लंगोट आधीच शिवून ठेवले होते. त्याला एकही बसला नाही. सगळेच मोठे झाले. चौथ्या दिवशी गेला."

आमचे वय आज सत्तावन्न आहे. आम्हांस एक वडील भाऊ होता ही गोष्ट त्या दुपारी आम्हांस प्रथम कळली.

कोणी काही बोलले नाही. कन्येने बाळाला उगीचच जवळ ओढले. मग सौभाग्यवतींनी फीत बाजूस ठेवली आणि शिवणाचा दोरा मातोश्रींपुढे धरला. "आई, तुम्हीच घ्या माप. तुमच्या हातानं."

त्यांनी बराच वेळ दोऱ्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, "आधी पाजून घे तिला. उपाशी पोटी घेतलेलं माप तासाभरात खोटं पडतं."

माप कसे घ्यावे हे आम्ही त्या दिवशी पाहिले. चड्डी लंगोटावरून घालावयाची, म्हणून लंगोट बांधूनच माप घ्यावयाचे. कमरेचा घेर बेंबीच्या खाली घ्यावा. मांडीचा घेर जांघेपाशी, जेथे ती सर्वांत भरलेली असते तेथे. आसन म्हणजे बेंबीखालून निघून पायांमधून पाठीशी तितक्याच उंचीवर पोचणारी रेघ. दोरा आवळावयाचा नाही; कमरेशी दोन बोटे आणि मांडीशी एक बोट सहज शिरावे. तान्ह्या मुलाचे पाय बेडकासारखे दुमडलेले असतात; ते ओढून सरळ करू नयेत व सरळ बांधूनही ठेवू नयेत, कारण त्या वयात खुब्याचा सांधा फार कोवळा असतो. पाय दुमडल्याने मागची बाजू ताणली जाते, म्हणून चड्डी पाठीशी उंच व पोटाशी आखूड बेतावी लागते. मातोश्री दोऱ्यास गाठ मारीत, सौभाग्यवती तो फितीवर धरीत आणि आम्ही लिहून घेत असू. कंबर ३०, आसन २८, मांडी १२ सेंटिमीटर. बारा सेंटिमीटर! आमच्या हाताच्या मनगटाचा घेर त्याहून मोठा आहे.

कापड अंथरून सौभाग्यवतींनी कात्री हाती घेतली आणि विचारले, "माया किती सोडू?" शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतात त्यास आपल्या भाषेत माया म्हणतात, हे आम्हांस ठाऊक होते, पण तो शब्द कानावर असा कधी पडला नव्हता.

"सोड चांगली बोटभर," मातोश्री म्हणाल्या. "वाढणार आहे ती."

आम्ही ज्या शहरात राहतो तेही असेच बेतलेले आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली खाडीपलीकडे नवे शहर वसवावे अशी कल्पना मांडली. १९७० साली सिडको स्थापन झाली. आणि वाशीपर्यंत लोकल गाडी आली ती १९९२ साली. आम्ही पुढे काही वर्षांनी येथे बिऱ्हाड केले तेव्हा हे रुंद रस्ते आम्हांस थोरल्या भावाचा सदरा अंगात घातल्यासारखे वाटत. आज त्यांवर गाडी लावावयास जागा मिळत नाही. तात्पर्य, शहर असो वा मूल, माप आजच्या अंगाचे घ्यावे लागते आणि कापड उद्याच्या अंगासाठी सोडावे लागते. एकच केले तर दुपटे भिजते, दुसरेच केले तर मांडीवर वळ उठतो.

कारण वळही उठले. इलॅस्टिकची फिकट गुलाबी रेघ थोड्या वेळात मावळली तर चिंता नाही. ती लाल होऊन राहिली की चड्डी लहान झाली असे समजावे. तीन आठवड्यांनी ती राहू लागली. पुन्हा दोरा निघाला, आणि या खेपेस मातोश्रींनी तो स्वतः मागून घेतला. मांडी १४ सेंटिमीटर भरली. सौभाग्यवतींनी शिवण उसवून माया मोकळी केली. आम्ही वहीत आकडा लिहीत होतो, तोच मातोश्रींनी तो पुन्हा मोठ्याने वाचावयास सांगितला. आम्ही वाचला. "अजून एकदा," त्या म्हणाल्या.

नात आता आपल्या घरी गेली आहे. फोनवर कन्या इतर बातम्या आधी सांगते, पण मातोश्रींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मांडी किती भरली?" मागविलेल्या त्या सहा चड्ड्या तिला मध्यंतरी बरोबर बसल्या, आणि आता त्याही लहान झाल्या आहेत. त्या धुऊन घडी घालून ठेवाव्या, पुढे कोणाच्या तरी उपयोगी पडतील, असे मातोश्रींनी कन्येस बजावले आहे. १९६० नंतरच्या दशकात शिवलेल्या त्या दुसऱ्या सहांचे पुढे काय झाले, हे आम्ही त्यांस विचारलेले नाही.