कासिनो आणि फोर्लीहून: एका शिपायाच्या नोंदीचा शोध

कासिनो, सोमवार

ती. काकांस साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

दुसऱ्या महायुद्धातील इटलीच्या मोहिमेत पडलेल्या आणि ज्यांच्या कबरी अज्ञात आहेत, अशा राष्ट्रकुलातील चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे येथील स्मारकाच्या हिरव्या संगमरवरावर कोरलेली असून, तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडलेले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे यांचे नाव त्यांतच आहे. त्यांचे गाव आज रायगड जिल्ह्यात येते. पण जिल्ह्याचे हे नाव १९८१ मधले, त्यामुळे जुन्या नोंदींत ‘कुलाबा’च शोधावा लागतो. ज्याच्या नोंदीचा हा शोध, त्या आपल्या घरच्या शिपायाचे गावही आज सिंधुदुर्गात असले, तरी नोंद रत्नागिरीखाली असणार. शोध अडतो तो अशाच ठिकाणी. संगमरवरावर मात्र त्याचे नाव आढळले नाही.

फोर्ली, गुरुवार

ती. काकांस सा. न. वि. वि.

कासिनोला नाव का नव्हते, हे येथे उलगडले. ज्या जवानांचे त्यांच्या धर्माप्रमाणे दहन झाले, त्यांना कबर नसते; अशा ७६८ जणांची नावे येथील भारतीय युद्धस्मशानभूमीतील दहन-स्मारकावर एकत्र कोरलेली आहेत, आणि म्हणून आपल्याकडच्या घरांनी केवळ कबर शोधत राहणे व्यर्थ ठरते. येथे तेच नाव आणि तीच पलटण असलेल्या दोन नोंदी मिळाल्या. दोन्हींत गावाचा उल्लेख नाही, फरक आहे तो केवळ आर्मी नंबरात, म्हणजे भरतीच्या वेळी शिपायाला मिळणाऱ्या क्रमांकात.

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग जपतो ती मृत्यूची नोंद. भरतीची तारीख, बढती, वारस हा तपशील ‘शीट रोल’ या सेवापत्रकात असतो आणि त्यासाठी बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करावा लागतो. अर्जात नंबर नसेल, तर एकाच नावाच्या अनेक शिपायांतून आपला माणूस निवडणार कसा?

तो नंबर घरातच असण्याचा संभव आहे. हिंदी सैनिकांना दिलेल्या युद्धपदकांच्या कडेवर नंबर, नाव व पलटण कोरलेली असे. माळ्यावरच्या पेटीतील पदक काढून कडेवर पातळ कागद धरावा, वरून पेन्सिल हलकेच फिरवावी आणि उमटेल ते जसेच्या तसे कळवावे. मात्र पदक चिंचेने किंवा राखेने मुळीच घासू नये. अक्षरे आधीच झिजलेली असतील.