कुनघाड्याची रविवारची सहल

गेल्या रविवारी आम्ही पक्षीमित्र बायकामुलांसह चंद्रपूरहून एस.टी.ने गडचिरोली जिल्ह्यातील कुनघाड्याला गेलो. तेथील जंगलात वनखात्याने गिधाडांच्या खाण्याची सोय केली होती. दिवसभरात कोतवाल दिसला, नीलपंख दिसला. गिधाड मात्र एकही नाही.

सोबतचे आजोबा म्हणाले, “गावची मेलेली ढोरं ओढणं आमच्याच माथी होतं. तेव्हा गिधाडांचे थवे उतरत. बाबासाहेबांनी सांगितलं, आम्ही ते काम सोडलं.”

“मग गिधाडं उपाशी मेली का?” एका मुलीने विचारले.

नाही. गुरांना टोचलेल्या डायक्लोफिनॅकने ती मेली. असे मेलेले जनावर खाल्ल्यावर गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होते. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना बाधत नाही.

बंधू-भगिनींनो, गुरांना इंजेक्शन देताना औषधाचे नाव अवश्य विचारा.