आम्लाची रेघ

स्कॉटलंडातलं पीटरहेड म्हणजे दर्यावर जगणारं गाव. तिथे १७४७ साली जन्मलेला चित्रकार जेम्स वेल्स १७९१ मध्ये मुंबईला आला. पुण्यात त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीस रंगवले, आणि १७९५ साली साष्टी बेटातल्या लेण्यांची चित्रं काढता काढता आजारी पडून वारला. मुंबई परिसराची त्याची बारा दृश्यं मागाहून, १८०० मध्ये, लंडनला छापून निघाली. छपाईची रीत अशी: तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर, त्यावर सुईची रेघ, मग आम्ल. सुई जिथे तांबं उघडं करते तिथेच आम्ल चावतं, आणि त्या खाचेत शाई बसते. माणूस गेला, पण तो किनारा त्या चाव्यांमुळे टिकला.

त्याच परिसरातली उल्हास नदी खाडी होऊन आमच्या ठाकुर्लीजवळून जाते, ठाण्याशी वळते, साष्टीला डावीकडे ठेवत वसईला समुद्रात शिरते. वेल्सच्या त्या बारा दृश्यांत खाडीकाठचं आमचं मोठागाव नाही. वरच्या अंगाचं कल्याण जुनं बंदर. तिथल्या दानशूरांनी साष्टीतल्या कान्हेरी लेण्यांच्या खडकात आपली नावं कोरून घेतली. त्याच पाण्यात पाग फेकणाऱ्याचं नाव मात्र ना दगडात राहिलं, ना तांब्यात.

आम्ल तेवढं आमच्याही वाट्याला आलं. अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवलीच्या कारखान्यांचं सांडपाणी वालधुनीतून, नाल्यांतून खाडीत उतरत राहिलं. छापचित्रकार पत्रा वेळेवर बाहेर काढतो, धुतो, चावा थांबवतो. खाडी कुठून बाहेर काढायची? जिताडा दुर्मीळ झाला, बोय आटली, चिंबोरीला रॉकेलचा वास यायला लागला. उरलेला तळ रेतीवाल्यांनी उपसला. तिकडे चाव्याने चित्र उमटलं, इकडे चाव्याने चित्रच पुसलं. आता माणकोलीचा पूल झाला आहे. खाडी ओलांडायला काही मिनिटं पुरतात. गाडीच्या काचेतून खालची होडी दिसत नाही, वल्हवणारा तर नाहीच.

चित्रकारांनो, जे. जे. कला महाविद्यालयात शिकून लोकलने इकडे घरी परतणाऱ्यांनो, एक पत्रा या खाडीसाठी ठेवा. सुंदर करू नका. गाळ कोरा, नाल्याचं तोंड कोरा, पुलाचे खांब आणि त्यांच्यामधली एखादी होडी कोरा. आणि खाली समासात सही करण्याआधी त्या होडीवाल्याला त्याचं नाव विचारा, आणि ते आधी लिहा.