केळीच्या खांबांचे चर्च

चर्चगेट हे नाव रोज लाखो माणसांच्या तोंडी असते. पण त्यातले चर्च कोणते आणि गेट कोठे, हे विचारले तर बहुतेक जण गोंधळतील. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. सकाळी गाडीतून लोटल्या गेलेल्या माणसाला इतिहास विचारणे म्हणजे पंगतीत धावणाऱ्या वाढप्याला थांबवून बासुंदीची कृती विचारण्यासारखे आहे. आणि गेट तर आता कोठेच नाही. मुंबईच्या किल्ल्याचा तट सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत पाडला गेला आणि या दरवाज्याच्या जागी १८६४ साली फ्लोरा फाउंटन उभे राहिले. स्टेशन आले १८७० मध्ये. म्हणजे त्याचे नामकरण झाले ते तोवर नाहीशा झालेल्या दरवाज्यावरून!

चर्च मात्र जागच्या जागी आहे. हुतात्मा चौक ओलांडून हॉर्निमन सर्कलकडे चालू लागले की सर्कल येण्याआधीच सेंट थॉमस कॅथीड्रलचा मनोरा दिसतो. फोर्टात नोकरीला होतो तेव्हा दुपारचा डबा खाऊन झाला की मी तेथे जाऊन बसत असे. भक्तीने नव्हे, गारव्यासाठी. जाड भिंती, उंच छत आणि बाहेरच्या रस्त्याला अजिबात न शोभणारी शांतता! गारव्यासाठी गेलेला माणूस हळूहळू भिंतीवरच्या शिळा वाचू लागतो, तसेच माझेही झाले.

या इमारतीचे रखडणे आपल्याकडच्या एखाद्या सार्वजनिक कामाला साजेसे आहे. गव्हर्नर जेराल्ड आँजियर याने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात चर्चचे काम काढले, भिंती थोड्या वर आल्या आणि काम थांबले ते जवळजवळ चाळीस वर्षे. पुढे १७१४ साली रिचर्ड कॉब नावाचा पाद्री मुंबईत आला. त्या उघड्या भिंती त्याला बघवेनात. त्याने वर्गणी जमवून काम पुरे करून घेतले. १७१८ च्या नाताळच्या दिवशी गव्हर्नर चार्ल्स बून याच्या उपस्थितीत चर्च उघडले. आजचे रूप मात्र त्यानंतरच्या भरीचे आहे. १८३७ साली त्याला कॅथीड्रलचा मान मिळाला, पाठोपाठ बसक्या घंटाघराऐवजी उंच मनोरा आला, वेदीकडचा भाग १८६० नंतरच्या दशकात इंग्रजी गॉथिक धर्तीवर नव्याने बांधला गेला. दारासमोरचे कोरीव कारंजे तर एका पारशी दात्याचे, सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांचे. त्याचा आराखडा विलायतेतल्या गिल्बर्ट स्कॉटचा. ख्रिस्ती देवळापुढे पारशाचे पाणी! मुंबईला हे असले काही विचित्र वाटत नाही, म्हणून ती मुंबई.

पण माझे मन अडकते ते त्या पहिल्या नाताळात. कॉबने तो दिवस लिहून ठेवला आहे. १७६६ साली ते पुस्तकरूपाने छापलेही गेले. त्या दिवशी चर्च माडाच्या झावळ्यांनी आणि केळीच्या झाडांनी सजवले होते, खांबांना हिरव्या पानांच्या माळा गुंडाळल्या होत्या. डोळ्यांपुढे आणून पाहा: साहेबाचे देऊळ आणि लग्नमांडवाची सजावट. ती करणारे हात कोणाचे असतील हे सांगायला नको. आणि सभोवार जी एतद्देशीयांची गर्दी जमली होती, तीत आपल्या जातभाईंसह एक बडा माणूस उभा होता: रामा कामती. प्रार्थनेतली टापटीप त्यांना एवढी आवडली की अखेरपर्यंत ते हलले नाहीत, असे कॉब समाधानाने नोंदवतो.

हा रामा कामती म्हणजे मुंबईतला मातबर शेणवी व्यापारी. कंपनीच्या देशी शिपायांवर त्याचा अधिकार होता. १७१५ साली वाळकेश्वराचे देऊळ त्यानेच पुन्हा बांधले. साहेबांच्या चर्चचे उद्घाटन तो ज्या आदराने पाहत होता, त्यात नाटक होते असे मला वाटत नाही. देऊळ बांधलेल्या माणसाला दुसऱ्याच्या देवळाचे अप्रूप असायचेच.

परंतु दिवस वाईट होते. कान्होजी आंग्र्यांपुढे कंपनीचे काही चालत नव्हते. १७१७ मध्ये विजयदुर्गावरची मोहीम फसली. १७१८ मध्ये, या नाताळाच्या थोडेसेच आधी, खांदेरीवरचा हल्लाही फसला. हरलेल्याला फितूर लागतोच. दोन वर्षेही उलटली नव्हती, तोच १७२० साली याच बूनच्या अमलात रामा कामतीवर आंग्र्यांशी संधान बांधल्याचा खटला झाला. त्याच्या कारकुनाच्या अंगठ्यांना लोखंडी पेच लावून हवी ती जबानी काढून घेण्यात आली. पुराव्याला एक पत्र दाखवण्यात आले. कामती दोषी ठरला, त्याची मालमत्ता गेली आणि तो तुरुंगातच मेला. पुढे ते पत्र बनावट असल्याचे उघडकीस आले. तोवर भरपाई घ्यायला तो उरला नव्हता.

चर्चमधल्या शिळा वाचताना हे सारखे आठवत राहते. शिळा खोट्या आहेत असे नव्हे. १८०८ साली फ्रेंच जहाजाशी लढताना पडलेला तरुण कप्तान हार्डिंज येथे आहे. सोळा वर्षे मुंबईची गव्हर्नरी करून १८११ साली वारलेला जोनाथन डंकन येथे आहे. काशी आणि काठेवाडातली बालहत्येची चाल बंद करण्याचे श्रेय त्याच्या स्मारकावर कोरले आहे, आणि ते काम खरोखरच मोठे होते. संगमरवरही सुरेख. माझे त्याबद्दल काही भांडण नाही. फक्त इतकेच की, अखेरपर्यंत उभा राहिलेल्या त्या माणसासाठी या भिंतीवर वीतभर जागा नाही.

एके काळी मुंबईतली अंतरे याच चर्चपासून मोजत. मैलांचे ते दगड शहरात अजूनही अधूनमधून सापडतात, कोठे पदपथात अर्धे गाडलेले, कोठे डांबराखालून डोके काढलेले. वाळकेश्वर येथून दूर नाही. त्या देवळात आजही आरती होते, नारळ फुटतात, आणि पायऱ्या चढणाऱ्यांपैकी रामा कामतीचे नाव फारसे कोणाला ठाऊक नसते.