कष्टांची खंत कशाला?

परिचारिका वा शिक्षिका म्हणून आयुष्यभर नोकरी केलेल्या ख्रिस्ती भगिनींनो, ‘लेकरांना वेळ दिला नाही’ ही टोचणी उतारवयात झोप उडवते. माझाही तिच्याशी परिचय आहे. अशा वेळी नीतिसूत्रांचा ३१वा अध्याय उघडावा. तेथील सद्गुणी स्त्री शेत विकत घेते, द्राक्षमळा लावते, आणि तिची मुले तिचा गौरवच करतात. १८८६ साली अमेरिकेला गेलेल्या पंडिता रमाबाईंनी चिमुकल्या मनोरमेला इंग्लंडमधील धर्मभगिनींकडे परत पाठवले होते. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये तीच त्यांचा उजवा हात झाली. पश्चात्ताप पापाचा करावा, प्रामाणिक कष्टांचा नव्हे.

शुश्रूषा करणाऱ्या मुलांनो, आईने ही खंत बोलून दाखवली, तर ‘जाऊ दे’ म्हणून तिला थांबवू नका. शेजारी बसून ऐका. तिच्या पगारातून तुमचे काय काय उभे राहिले, तेही तिला सांगा.